खुणेवरून सरकलेलं झाड

आमच्या गावाकडच्या घरात लिंबू उतरवणं, अंगात येणं, मांजर आडवं गेलं म्हणून परत फिरणं — सगळं होतं. त्यामुळेच असेल, पण मी शाळेपासून या गोष्टींच्या विरुद्ध बोलत आले. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, आणि शिकलेल्या माणसानं असलं काही मानायचं नाही अशी माझी समजूत. आज इथे लिहितेय ते मत बदललं म्हणून नाही. मत तेच आहे... फक्त एका गोष्टीचं उत्तर मला सापडत नाही, आणि घरात कुणाला विचारता येत नाही. इथे बरेच जण मोकळेपणानं लिहितात, म्हणून धीर केला. लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या.

माझं गाव निपाणीजवळ. बारावीनंतर मी बेंगळुरूला मामा-मामीकडे आले. राजाजीनगरमध्ये मामाचा फोटो स्टुडिओ आहे. खाली दुकान, वर घर, आणि जिना बाहेरून. म्हणजे घरातून दुकानात जायचं तर रस्त्यावर उतरून शटरच उघडावं लागतं, दुसरी वाट नाही.

मला इथे आणायचा हट्ट मामीचा. माझी आई विड्या वळते. मामी एका दिवाळीला आमच्याकडे आली होती, तेव्हा आईला म्हणाली, "वन्सं, ही पोरगी मला द्या. विड्या वळून हिचे डोळे जायचे आणि डोकं गंजायचं." त्यांना मूलबाळ नाही. मामीनं माझी ॲडमिशन स्वतः रांगेत उभं राहून घेतली. फॉर्मवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, पण खिडकीतल्या माणसाशी कन्नडमध्ये अशी भांडली की त्यानं मला खुर्ची दिली.

आता झाडाचं सांगते. स्टुडिओत दर डिसेंबरला ख्रिसमस ट्री उभं राहतं — प्लॅस्टिकचं, मामापेक्षा उंच. फोटोच्या मागे ठेवायला. येणाऱ्यांत ख्रिश्चन थोडेच. बाकी सगळे आपापल्या बाळांना लाल टोपी घालून आणतात. ते सजवणं हे मामीचं काम. मामा फक्त पुढची बाजू सजवायला लावायचा. मागची भिंतीकडे, उघडीच. मामी चकचकीत गोळे लावायची नाही. "त्यात तुझ्या मामाचं पोट दिसतं," म्हणायची. खरंच दिसतं, फ्लॅश पण दिसतो.

गोळे ती तारेच्या हुकांनी अडकवत नसे. तिचं माहेर इथलंच, जुनं मराठी घर. तिची आई देवळाबाहेर फुलं विकायची, आणि सुई न घेता नुसत्या बोटांनी गजरे बांधायचं मामीला लहानपणापासून येत होतं. तीच गाठ ती गोळ्यांना मारायची, पांढऱ्या दोऱ्याची, दोन वेढ्यांची. लहान मुलांनी कितीही ओढलं तरी गोळा हलायचा नाही. पण तिनं एक टोक ओढलं की अलगद सुटायचा. मला तिनं खूपदा दाखवली ती गाठ. मला कधीच जमली नाही. "राहू दे, तुला परीक्षेत कुणी विचारणार नाही," म्हणायची.

आणि एक तिची पद्धत होती, तिच्यावर मामा फार हसायचा. संक्रांतीनंतर झाड उतरवायच्या दिवशी ती त्याची उत्तरपूजा करायची. म्हणजे मंत्र वगैरे काही नाही. खोडाला हळदकुंकू लावायची, आणि गणपतीची मूर्ती जशी विसर्जनाआधी जागेवरून जराशी हलवतात, तसा स्टँड हलवायची. जमिनीवर मामानं टेपची खूण केलेली आहे, झाड कुठे ठेवायचं त्याची. त्या खुणेवरून वीतभर सरकवलं की ती म्हणायची, "गेलं आता." मगच एकेक गोळा सोडवून जुन्या लुगड्यात गुंडाळून ट्रंकेत. चांदणी सगळ्यात खाली — कारण पुढच्या वर्षी ती सगळ्यात शेवटी लागते.

"प्लॅस्टिकच्या झाडात कसला देव गं?" मामा चिडवायचा.

"महिनाभर पोसलं त्यानं आपल्याला. तसंच मोडून कोंबायचं होय?"

मागच्या वर्षी गणपतीच्या सुमारास मामीला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टरांनी घरी सोडताना मामाबरोबर मलाही आत बोलावलं, मी शिकतेय म्हणून असेल. त्यांनी सरळ सांगितलं की आता यापेक्षा बरं होणार नाही, आणि पुन्हा झटका आला तर काही करता येणार नाही. मामानं सगळं ऐकून मान हलवली. बाहेर येऊन मला म्हणाला, "डॉक्टर लोक असंच बोलतात. हळूहळू होतंय सगळं."

दिवसा लक्ष्मम्मा म्हणून एक बाई मामीला सांभाळायला यायच्या, संध्याकाळी जायच्या. मामी नुसती छताकडे बघत पडलेली असायची. मी समोर पुस्तक घेऊन बसले की डोळे माझ्याकडे वळतात, असं मला वाटायचं. नक्की सांगता येत नाही.

डिसेंबर आला तेव्हा झाड मी सजवलं. गाठ येत नाही म्हणून तारेचे हुक आणले. पहिल्याच दिवशी एका बाळानं गोळा ओढला, हुकासकट हातात आला, वर टोपी डोळ्यांवर घसरली आणि त्यानं रडून दुकान डोक्यावर घेतलं. मामीला गिऱ्हाईकं अक्का म्हणायची. त्याची आई म्हणाली, "अक्का असत्या तर असं झालं नसतं." तिचं चूक नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी मी सकाळी शटर उघडलं, झाडाची धूळ झटकायला गेले, आणि खालच्या फांदीवरचा एक लाल गोळा दोऱ्यानं बांधलेला दिसला. पांढरा दोरा, दोन वेढे. त्याचा हुक खाली जमिनीवर, सरळ करून ठेवलेला.

मला पहिल्यांदा भीती वाटली नाही. वाटलं, मामानं कुणाकडून तरी करून घेतलं असेल. तो आल्यावर विचारलं.

"तू केलंस?" त्यानंच मला उलट विचारलं.

"नाही मामा. मला येते का ती गाठ?"

तो गुडघ्यावर बसून बराच वेळ बघत राहिला. मग हसला. मामी आजारी पडल्यापासून तो हसलेला मी पाहिला नव्हता. "म्हणजे उठते ती," म्हणाला. "आपण झोपल्यावर उठते."

मी म्हणाले, मामा, जिना आहे... शटर आहे... चावी माझ्या बॅगेत असते. तो ऐकतच नव्हता. दोन-दोन पायऱ्या चढत वर गेला.

मग ते वाढत गेलं. रोज नाही, पण अधूनमधून सकाळी आणखी एखादा गोळा, कधी दोन, गाठीनं बांधलेले. दुकानाबाहेर सीसीटीव्ही आहे. मी कॉलेजच्या आधी बसून बघितला. शटर रात्रभर बंद. मामाला म्हटलं, बघ तू पण. म्हणाला, "मला काय करायचंय ते बघून?"

त्याच्या मनात एकच गोष्ट बसली होती की मामी बरी होतेय. व्यायाम शिकवायला येणाऱ्या माणसाला तो रोज तेच सांगायचा. तो बिचारा माझ्याकडे बघायचा. एका दुपारी मामानं एक गोळा आणि दोरा वर नेला आणि मामीच्या डाव्या हातात दिला. "बांध की गं. स्वल्प, जरासं बांधून दाखव हिला, हिचा विश्वास बसत नाही." बोटं हलली नाहीत. गोळा पलंगावरून घरंगळत गेला, तो लक्ष्मम्मांनी उचलला आणि पदराला पुसत तोंड फिरवलं.

"दमली असेल," मामा म्हणाला. "काम करते ना."

खरं सांगायचं तर तोवर मलाही वाटायला लागलं होतं. सकाळी शटर वर करताना मी आधी झाडाकडे बघायची. नवी गाठ दिसली की दिवसभर बरं वाटायचं. उगाच वर जाऊन मामीच्या बोटांना हात लावून बघायची, ऊब जास्त आहे का ते.

ख्रिसमस अजून यायचा होता. दुकानात गर्दीचे दिवस. त्या सकाळी मी शटर उघडलं आणि झाड मोकळं होतं.

एकही गोळा नाही. ट्रंक बाजूला, झाकण बंद. उघडून बघितलं. जुन्या लुगड्यात सगळे गोळे गुंडाळलेले, हुक एका डबीत, आणि हात खाली घातला तर तळाशी चांदणी. खोडाला हळदकुंकू नव्हतं... मी आधी तेच बघितलं. मग खाली बघितलं. टेपची खूण उघडी पडली होती. झाड तिच्यापासून वीतभर बाजूला होतं.

मामा जिना उतरत होता, चपलांचा आवाज येत होता. मी स्टँड दोन्ही हातांनी धरला आणि ओढून परत खुणेवर आणला. का, ते तेव्हा कळत नव्हतं. हलवलेली मूर्ती पुन्हा जागेवर ठेवली म्हणून देव परत येत नाही, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही माहीत असतं. तरी मी ओढला.

मामानं मोकळं झाड बघितलं, ट्रंक उघडली, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. आनंदानं. "सगळं आवरलं की गं तिनं. एका रात्रीत. चांदणीसुद्धा खाली. बघ ताकद किती आली!"

"मामा, अजून सीझन संपला नाही," मी एवढंच म्हणाले.

"दिवसांचा घोळ झाला असेल तिचा. पडून-पडून होतं तसं. सरी, चालेल, परत लावू."

तो वर गेला. मी कॉलेजला गेले नाही. मीही वर जाऊन मामीच्या पायाशी बसले. मामा तिला सांगत होता, किती गिऱ्हाईक येतंय, कुठलं बाळ टोपी खाऊन बसलं. दुपारी तिला दुसरा झटका आला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा मामा तिचा डावा हात सोडेना. ती हॉस्पिटलला पोचली नाही.

तुम्ही विचाराल म्हणून सांगते. मामानं केलं असेल? त्याला बुटाची नाडी नीट बांधता येत नाही. लक्ष्मम्मा? त्या संध्याकाळी त्यांच्या घरी जायच्या, चावी त्यांच्याकडे नव्हती. मीच झोपेत केलं असेल का, हाही विचार करून झाला. मी फोनवर व्हिडिओ बघून ती गाठ शिकायचा किती प्रयत्न केला. अजून येत नाही. आणि ते करणारी तीच होती असं मानलं, तरी आपण जाणार हे तिनं आम्हाला का सांगावं... आणि सांगायचंच होतं तर वाचवता येईल असं काही का नाही, हे मला कळत नाही.

यंदा मामानं झाड बाहेर काढलंच नाही. स्टुडिओत निळा पडदा लावून काम चालवतोय. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "जायच्या आधी बरीच सुधारली होती. रात्री उठून काम करायची. हिला विचारा, हिनं बघितलंय."

लोक माझ्याकडे बघतात. मी हो म्हणते.

जमिनीवरची टेपची खूण अजून तशीच आहे. झाडताना केरसुणी तिथे आली की मी बाजूनं नेते.