पंपाचं सील

तीस वर्षं मी बस डेपोच्या वर्कशॉपात जुन्या गाड्या उघडण्यात घालवली. त्यामुळे निवृत्त झाल्यावर एक तरी वस्तू कोरी घ्यायची, हा माझा हट्ट होता. बायको म्हणत होती, जुना घ्या, तुम्हाला नीट करता येतोच. मी ऐकलं नाही. नागपूरकडच्या एका कारखान्यातून नवाकोरा डबा बनवून घेतला. डबा म्हणजे चाकांवरचं घर: आत पलंग, गॅसची शेगडी, एवढासा संडास, पाण्याची टाकी. त्याचं पुढचं टोक पिकअपच्या मागे बसवलेल्या लोखंडी तव्यावर टेकवून अडकवायचं, मोठ्या ट्रॉल्याचं असतं तसं. आमच्या आंजी गावात असलं काही कोणी पाहिलेलं नव्हतं. पहिले आठ दिवस लोक दार उघडून आत डोकावून जायचे. एकानं तर खोली भाड्यानं देता का म्हणून विचारलं.

हौस म्हणून घेतला नव्हता तो. बायकोचा आजार मणक्यात उतरला होता. तिला बसवत नव्हतं, आडवंच राहावं लागायचं आणि संडास जवळ लागायचा. रेल्वेला डॉक्टरांनी साफ नाही म्हटलं होतं. तिला एकदा जबलपूरला धाकट्या बहिणीकडे जायचं होतं. बहिणीच्या घरी अंथरुणाला खिळलेली सासू, त्यामुळे तिला इकडे येता येत नव्हतं. सहा वर्षं दोघी फोनवरच रडत-हसत होत्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, जायचं तर दिवाळीच्या आत जा, पुढचं मी सांगू शकत नाही.

डबा आला तेव्हा दसरा नुकताच झाला होता. बायकोनं खाटेवरूनच हुकूम सोडले आणि शेजारणीकडून तव्याला हळदीकुंकू लावून घेतलं, नारळ फोडून घेतला. मी मात्र माझ्या पूजेला लागलो. चाकांचे नट पान्यानं पुन्हा कसले, टायरची हवा पाहिली, तव्याला ग्रीस लावलं, छतावर चढून सांध्यांवरून बोट फिरवलं. वॉरंटीचं पुस्तक चष्मा लावून दोनदा वाचलं. लग्नातसुद्धा मी इतका खुशीत नव्हतो, असं बायको म्हणाली. खरंच होतं ते.

निघायच्या तीन दिवस आधी टाकी भरली आणि पंप सुरू केला. पलंगाखालून टपटप आवाज आला. पंपाच्या खोक्यातून पाणी गळत होतं आणि खालचं प्लायवूड फुगायला लागलं होतं. पंप बंद ठेवला की संडासात पाणी नाही, आणि संडासाशिवाय तिला नेणं शक्य नाही. मी खोक्याला कान लावला. आतल्या जोडाचा वायसर गेला होता, बाकी काही नाही. वीस मिनिटांचं काम. पण खोक्याच्या झाकणावर लाल स्टिकर होता: सील तुटल्यास वॉरंटी रद्द.

इथे माझी नोकरी आडवी आली. आमच्याकडे डिझेल पंपाला तार ओवून शिशाचं सील ठोकलेलं असायचं. पंपाच्या खोलीतला माणूस सोडून कोणी ते तोडलं की मेमो. एकदा भर उन्हाळ्यात गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा मी चाळीस प्रवाशांना दोन तास झाडाखाली बसवून ठेवलं होतं, पण सीलला हात लावला नव्हता. साहेबांनी त्याबद्दल पाठ थोपटली होती. सील पाहिलं की माझा हात आपोआप मागे जातो. तीस वर्षांत दुसरं काही शिकलो की नाही कोण जाणे, हे मात्र पक्कं शिकलो.

कंपनीला फोन लावला. उद्या माणूस येतो म्हणाले. तो चौथ्या दिवशी आला, बाहेरूनच पाइप आवळून गेला. संध्याकाळी पुन्हा टपटप. मग पार्ट बाहेरून येतोय म्हणाले, मग सणाची सुट्टी आहे म्हणाले. मी फोनवर इतका ओरडायचो की रस्त्यावरचे थांबून पाहायचे.

बायको खिडकीतून डब्याकडे पाहत पडलेली असायची. एक दिवस म्हणाली, "तुमी तं अख्खी बस खोलत व्हते. आता एका पंपाले काऊन भेऊन राह्यले?"

"सील तुटलं का वॉरंटी गेली," मी म्हणालो. "उद्या घाटात काही झालं तं कोण येईन?"

"मंग जाऊ द्या ना वॉरंटी. मले का वरीसभर राह्यचं हाये त्याच्यात?"

मी चिडलो. तुला यातलं काय कळते, असं म्हणालो. हे लिहिताना लाज वाटते, पण असंच म्हणालो. ती भिंतीकडे तोंड करून पडली. त्या रात्री ती मला एवढंच म्हणाली, बहिणीचा फोन आला तर सांगा, दोन दिवसांत निघतो.

दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ती गेली. डबा दारातच होता, पिकअपला जोडलेला.

बहीण सासूला शेजाऱ्यांवर सोडून रेल्वेनं आली आणि तेरवीपर्यंत थांबली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचा माणूस दारात. हातात लहानशी पुडी. मी डब्याकडे बोट दाखवलं. त्यानं नखानं स्टिकर सोलला, झाकण काढलं, वायसर बदलला. पाणी सोडून पाहिलं. थेंब नाही.

"काका, तुम्ही तं मेकॅनिक ना?" तो हात पुसत म्हणाला. "फोटो टाकला असता तं आमीच सांगतलं असतं, खोला म्हणून. एवढ्याशा कामाले वॉरंटी जात नाई. फक्त विचारा लागते."

मी पंधरा दिवस त्यांच्यावर ओरडत होतो. ही एक गोष्ट विचारायची मला सुचली नव्हती.

बहीण दारात चहाचा कप घेऊन उभी होती. त्या माणसाला द्यायला आणला होता तिनं. तो निघून गेला तरी कप तिच्याच हातात.

"भाऊजी," ती म्हणाली, "मंग येता येत व्हतं का तुमाले?"

खोटं बोलायचं होतं. ताईची तब्येतच तशी नव्हती म्हणायचं होतं. पण ती मोठ्या बहिणीसारखंच सरळ पाहत होती, आणि मी हो म्हणालो.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. कपाकडे पाहत ती एवढंच म्हणाली, "मी खालच्या खोलीत पलंग लावून ठेवला व्हता. ताईले जिने चढता येत नाई म्हणून. तो अजून तसाच हाये."