अण्णांचं रिकामं ताट

आमच्या घरात आजोबांना सगळेच अण्णा म्हणतात. न्यूमोनियामुळे ते हेब्बाळच्या एका हॉस्पिटलमध्ये होते. दुपारची पाळी माझी, कारण माझं काम लॅपटॉपवरचं, म्हणजे घरच्यांच्या मते कामच नाही. न्यूमोनिया आटोक्यात आला, पण हिमोग्लोबिन सातवर घसरलं. उठून बसलं तरी अण्णांना धाप लागायची. आहारतज्ज्ञ बाईंनी दोन उकडलेली अंडी, पालकाची डाळ, खजूर असं ताट ठरवून दिलं.

ताट साडेबाराला यायचं. पाहुणेही साडेबारालाच. अण्णांनी चाळीस वर्षं कापडाचं दुकान चालवलं. समोर बसलेला माणूस न खाता उठला तर त्यांना स्वतःचा अपमान वाटतो.

"घे रे, स्वल्प खा. मला दिवसभर हेच आहे."

पाहुणा दोनदा नको म्हणायचा आणि तिसऱ्यांदा अंडं सोलायचा. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचे. मोठ्या माणसांना "खाऊ नका" कसं म्हणतात?

"ही काही बोलत नाही वाटतं?"

"कॉन्व्हेंटची आहे," अण्णा सांगायचे, जणू तेही एक दुखणंच.

एक वाजता नर्स रिकामं ताट उचलायची आणि तक्त्यात लिहायची: पूर्ण जेवण.

दोन आठवड्यांनी डॉक्टर तो तक्ता बघत म्हणाले, "एवढं खाऊनही वजन घटतंय, रक्त घटतंय. आतून कुठेतरी रक्त जात असेल. उद्या पोटात दुर्बीण घालून बघू."

अण्णांनी चादर मुठीत धरली. पण खरं काय ते सांगितलं नाही. शेवटी डॉक्टरांच्या मागे धावत जाऊन मीच सांगितलं.

"दोन आठवडे? आणि तुम्ही तिथेच बसला होता?"

डॉक्टरांनी तपासणी आठ दिवस पुढे ढकलली. "आता त्यांना स्वतः खाऊ द्या. तरी रक्त वाढलं नाही, तर दुर्बीण टळणार नाही."

दुसऱ्या दिवशी अण्णांचे जुने शेजारी आले. आग्रह झाला, हात अंड्याकडे गेला.

"काका, ते त्यांचं आहे. तुम्ही खाऊ नका."

आवाज नको तेवढा मोठा निघाला. काका कन्नडमध्ये "सरी, सरी", म्हणजे बरं बरं, म्हणत उठलेच.

"माझ्यासमोर माझ्या माणसाला हाकलतेस?"

"हाकललं नाही, अण्णा. खाऊ नका म्हटलं."

त्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली आणि रागारागाने दोन्ही अंडी खाल्ली. अळणीच. मीठ माझ्याकडे मागावं लागलं असतं.