काकूंच्या नावाचा रातकिडा

सूरकाका आणि जीवशास्त्राच्या बाई पहिल्यांदा भेटले, तेव्हा काका अर्धेच हजर होते. कमरेपासून वरचा भाग कॉलेजच्या तळघरात बॉयलरमागे शिरलेला होता. बाईंना दिसली ती फक्त विजार आणि तपकिरी बूट. बॉयलरने माणूस गिळला असं समजून त्यांनी जी आरोळी ठोकली, ती ऐकून तिसऱ्या मजल्यावरची मुलं सुटीची घंटा झाली म्हणून दप्तरं उचलून घरी गेली, आणि त्यांच्यामागोमाग मास्तरही.

"हळू," बॉयलरमागून आवाज आला. "तो गप्प बसला ना तुमच्यामुळे."

"कोण?"

"रातकिडा."

काकांचा धंदा पियानो सुरात लावण्याचा. त्या दिवशी ते सभागृहातला पियानो लावायला आले होते. पट्टी दाबायला बोट उचललं आणि जमिनीतल्या जाळीतून भरदुपारी रातकिडा ऐकू आला. कॉलेजच्या बागेतले रातकिडे काकांच्या ओळखीचे होते, पण या पठ्ठ्याची लय चांगलीच दुडकी, भरभर पळणारी होती आणि सूरही किंचित चढा. पियानो उघडाच टाकून काका जिना उतरले.

आता कुणीही शहाणी बाई अशा माणसाला पाणी देऊन घरी पाठवते. या बाईंनी पायरीवर बसकण मारली आणि कान लावला.

"बागेतल्यांपेक्षा वेगळंच गातो हा, पण दिसायला सारखेच आहेत हो," काका अंग झटकत म्हणाले.

"दिसण्याचं सोडा. कुत्री बघा. एक पायपुसण्याएवढं, दुसरं वासराएवढं, तरी प्रजाती एक. त्यांचं एकमेकांत जमतं, पिल्लं होतात, त्या पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. आम्ही बहुतेक वेळा हेच बघतो." बाईंचे हात आता हवेत भिंती बांधू लागले होते. "समजा, ही इमारत बांधताना काही किडे खाली कोंडले गेले. वरच्यांशी संबंध तुटला. पिढ्यान्‌पिढ्या इथे वेगळे बदल साचले, गाणं बदललं. आता मधली भिंत पाडली, तरी वरच्या मादीला खालच्या नराचं गाणं ओळखूच येणार नाही. मग झाल्या दोन प्रजाती. याला फार फार काळ लागतो, पण किड्यांत कधी लवकरही होतं."

"आमच्या मेव्हण्याचं तसंच झालं. वरच्या मजल्यावर राहायला गेला, आता आमचं बोलणं कळत नाही त्याला." मग काकांनी आवाज खाली आणला. "नवी निघाली तर नाव कुणाचं?"

"तुम्ही सांगाल ते देऊ."

काका घरी आले ते जवळजवळ पळतच. काकू इस्त्री करत होत्या.

"तुझं नाव शास्त्रात जाणार. रातकिड्याला."

"लग्नात अंगठी देणार होतात," काकू इस्त्री न थांबवता म्हणाल्या. "फार ओरडतो का तो?"

"नर ओरडतो. मादी नुसती ऐकते आणि पसंत आहे का ते ठरवते."

"मग शोभेल."

पण संध्याकाळी काकू जिन्यात शेजारणीला सांगत होत्या, "आमचं नाव आता पुस्तकात छापून येणार बरं का." दाराआड काकांची छाती कोटाच्या गुंड्या तपासू लागली.

प्रयोगशाळेत दोन काचपेट्या सजल्या. तळघरातल्या पाहुण्यांना ऊब हवी म्हणून काकांनी त्यांची पेटी जातीने गरम पाइपवर ठेवली. बागेतल्यांची थंडगार खिडकीशी. बाईंनी तळघरातल्या नराचं गाणं टेप करून खिडकीतल्या माद्यांना ऐकवलं. एकीनेही मिशी हलवली नाही. बागेतल्या नराचं लावताच सगळ्या स्पीकरकडे धावल्या.

"परत लावा," काका म्हणाले. परत तेच. बाईंनी काकांना टाळी दिली. काकांनी टाळी घेतली, वर एक गिरकी मारली आणि टेबलावरचा बेडूक, अर्थात मेलेला, खाली पाडला.

दुसऱ्या दिवशी काकू चांगली साडी नेसून स्वतःला बघायला आल्या.

"एक इथे, एक तिथे. शेजारी ठेवा की, नीट बघू दे." त्यांनी स्वतःच दोन्ही पेट्या मधल्या टेबलावर आणल्या आणि पडदा ओढला. मग डब्यातले लाडू निघाले, बाईंचं माहेर निघालं, बोलणं लांबलं.

अंधार झाला असं समजून दोन्ही पेट्या गाऊ लागल्या. काकांचा लाडू हातातच राहिला. त्यांनी एक कान या पेटीला लावला, मग त्या पेटीला. बाई काकूंशी बोलण्यात रंगल्या होत्या, त्यांच्या काही ध्यानात आलं नव्हतं. काका एकदा काकूंच्या साडीकडे बघून घुटमळले.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "लय एकच आहे. सूरही."

बाईंनी पेट्यांना हात लावून पाहिला, मग पाइपला, आणि कपाळावर मारून घेतला. "ऊब, काका. ऊब मिळाली की रातकिडा भरभर गातो, सूरही चढतो. आणि गार मादीला भरभर गाणं आवडत नाही."

पेट्या तोंडाला तोंड लावून झाकणं काढली. बागेतली मादी थेट तळघरातल्या नराकडे चालत गेली, कुणाला न विचारता.

"हिला तर पसंत दिसतोय," काकू म्हणाल्या.

पिल्लं धडधाकट निघाली. मोठी झाल्यावर त्यांनाही पिल्लं झाली. प्रजाती एकच होती आणि तिला नाव आधीपासूनच होतं. सभागृहातला पियानो लावायचा राहिला होता, तो काकांनी नंतर जाऊन लावला.