पायावरची नक्षी

भवानी पेठेतल्या त्या गल्लीत महेश्वरमामाला ओळखत नाही असा माणूस मिळायचा नाही. चादरी विणणारे सोलापुरात पुष्कळ, पण चादरीवर मोर कुठं बसेल, त्याचा पिसारा कुठल्या धाग्याला संपेल, हे ठरवणारे थोडे. महेश्वरमामा त्यातला एक. चौकटीच्या कागदावर एकेक घर रंगवून तो नक्षी मांडायचा. मग त्या कागदाबरहुकूम पुठ्ठ्यांना भोकं पाडायची, पुठ्ठे मागावर चढवायचे आणि यंत्रानं खडखडत मोर विणून काढायचे. काम करताना मामाची जीभ ओठाच्या कोपऱ्यातून बाहेर यायची. त्याची बायको पार्वतम्मा म्हणायची, "जीब आत घ्या वो, रंग लागंल." आणि तो जीभ आणखी बाहेर काढायचा.

त्या माणसाला कंपवात झाला. उजव्याच हाताला. देवाला दुसरा अवयव दिसला नाही काय, असं पार्वतम्मा देवघरासमोर उभी राहून मोठ्यानं विचारायची, आणि उत्तर येत नाही म्हणून आणखी चिडायची. पहिल्या गोळ्यांनी थरथर आटोक्यात आली, पण काही वर्षांनी भलतंच सुरू झालं. बसल्या जागी मान डोलायची, खांदा उडायचा, हात आपला आपण हेलकावे खायचा. मामानं रंग, ब्रश, पट्टी सगळं गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि दारात खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याशी भांडत बसू लागला.

मग मेंदूविकाराच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नंबर लागला. नाव सई, आडनाव पुण्याच्या सदाशिव पेठेत शोभावं असं अस्सल, वागायला मोकळी. तिनं जुन्या गोळ्यांच्या जोडीला एक नवी दिली, अमँटाडीन. मामाचा मुलगा सोमेश दवाखान्याच्या पायरीवरच मोबाईलवर वाचत उभा राहिला आणि तसाच परत आत शिरला.

"मॅडम, हे तर फ्लूचं औषध हाय की! विषाणू मारायचं. आमच्या वडलांना सर्दीबी न्हाई."

डॉक्टरीण हसली. म्हणाली, "फ्लूसाठीच काढलं होतं. ते घेता घेता एका कंपवाताच्या बाईला आराम पडला, तेव्हा कळलं की इथंही उपयोग आहे. सकाळी एक, दुपारच्या जेवणानंतर एक. संध्याकाळनंतर अजिबात नाही, झोप उडते. आणि मामा, डोळ्यांपुढं काही भलतं दिसायला लागलं, तर दडवायचं नाही. मला सांगायचं."

"सांगतो की," मामा म्हणाला.

आणि काय सांगावं! थोड्याच दिवसांत मान डोलायची थांबली. खांदा जागेवर आला. एका सकाळी मामानं चहाचा कप उचलला, बशीत एक थेंब न सांडता ओठाला लावला आणि कपाकडंच बघत राहिला. "पारू! पारू, इकडं ये!" पार्वतम्मा पिठाच्या हातानं धावत आली. त्यानं कप खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मग दोघंही खुळ्यासारखी हसत सुटली. त्याच दुपारी सोमेश माळ्यावर चढला आणि रंगाची पेटी खाली आली.

कशाची नक्षी काढावी हा प्रश्नही चार दिवसांत सुटला. मामा लुंगी गुडघ्यावर घेऊन उन्हात बसला होता आणि एकदम ओरडला. त्याच्या दोन्ही पोटऱ्यांवर जांभळट रेषांची जाळी उमटली होती. आडव्या-उभ्या, एकमेकींत गुंतलेल्या, मध्ये फिकट घरं. दुसरा कुणी असता तर घाबरून दवाखाना गाठला असता. आमचा मामा भिंग घेऊन बसला.

"बघ, बघ तरी! हितं रेघ फुटती, आन् पुढं जाऊन परत मिळती. असला जोड मी जन्मात काढला न्हाई. हे चादरीवर आलं तर बाजार वेडा व्हईल!"

तो कामाला लागला. एक पाय स्टुलावर, समोर कागद, हातात ब्रश. ज्या कारखान्यात त्यानं उमर घालवली होती त्याचे मालक एकनाथशेठ सहज म्हणून डोकावले, कागद बघितला आणि उभ्याचे बसले. म्हणाले, "मामा, पुरी चादर काढा. पहिला नमुना मी माझ्या मागावर विणतो." झालं! मामाच्या अंगात वारं शिरलं. दिवसभर कागद, जेवताना कागद, आंघोळीला जाताना पार्वतम्माला हाक मारून नवा जोड समजावून सांगणं. गल्लीभर बातमी. शेजारची गुरम्मा तर रोज येऊन मामाच्या पायाला नमस्कार करायची बाकी राहिली होती.

पार्वतम्मालाही कोण आनंद! पण ती या माणसाबरोबर चाळीस वर्षं राहिलेली. तिला आनंदातली गडबड कळत होती. नवरा झोपत नव्हता. सकाळी उठावं तर हा तसाच बसलेला, डोळे लाल, तोंडाला कोरड, जमिनीवर कागदच कागद. उठताना भिंत धरत होता. आणि हसत होता. कशालाही, कधीही, जरा जास्तच मोठ्यानं.

मग तिला वाटी सापडली. कपाटाच्या मागं, जमिनीवर, दुधानं भरलेली, नासलेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच ताजं दूध. तिनं विचारलं तेव्हा मामा अगदी लाजून म्हणाला, "मांजर येतंय गं. पांढरं. कानावर ठिपका हाय. कागदावर पाय देत न्हाई, लई शाणं हाय."

पार्वतम्मानं कपाटाकडं बघितलं. घराला दार एकच आणि खिडकीला जाळी. मांजर नव्हतं. कधीच आलं नव्हतं.

"अवो," ती हळूच म्हणाली, "डॉक्टरीणबाई म्हणाली होती..."

मामाचं हसू एका क्षणात गेलं. त्यानं तिचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "माझी आण हाय तुला. डॉक्टरला एक शब्द सांगायचा न्हाई. मलाबी कळतंय गं ते मांजर खरं न्हाई. कधी कधी कळतंय. पण तू सांगितलंस तर गोळी जाईल, आन् गोळी गेली की हा हात गेला. मला एवढी चादर काढू दे पारू. मग काय व्हायचं ते होऊ दे."

काय करावं बाईनं? डोक्यावर हात ठेवून घेतलेली आण. ती मोडली आणि याला काही झालं तर? पण न सांगावं तर रोज दूध ओततोय, उद्या त्या मांजराच्या मागं रस्त्यावर जाईल. दोन दिवस ती कपाटामागची वाटी धूत राहिली. शेवटी तिनं आपल्या डोक्यानं वाट काढली. आण होती ती सांगायची नाही अशी. गोळी द्यायची नाही अशी काही नव्हती! तिनं पाकीट तांदळाच्या डब्यात पुरलं आणि नवऱ्याला सांगितलं, दुकानात गोळी संपलीय, दोन दिवसांनी येईल.

तिला वाटलं, आता मांजर जाईल, झोप येईल, सगळं सुरळीत होईल. झालं उलटंच. तिसऱ्या दिवशी सकाळी मामाला अंथरुणातून उठवेना. अंग लाकडासारखं ताठ, घामानं भिजलेलं, जबडा आवळलेला. तिच्याकडं बघून तो "अम्मा, अम्मा" करू लागला. स्वतःची आई समजत होता तिला. आपणच मारलं याला, एवढंच पार्वतम्माच्या मनात. तिनं डब्यातून पाकीट ओढून काढलं, तांदूळ घरभर सांडले, सोमेशनं रिक्षा आणली आणि तिघं तशीच दवाखान्यात.

डॉक्टरीणबाईनं पाकीट बघितलं, मामाला तपासलं आणि आधी त्याला आतल्या खाटेवर घेतलं. सलाईन, गोळी, रक्ताची तपासणी, सगळं भराभर. "मावशी, ही गोळी अशी एकदम तोडायची नसते," ती जाता जाता म्हणाली. "कमी करायची तरी मी सांगेन तशी, हळूहळू." पार्वतम्मा बाहेर बाकावर बसून राहिली. समोरून डॉक्टरीण येत-जात होती. मध्येच एक म्हातारी आली. तिला मराठी धड येईना. डॉक्टरीण वाकली आणि फाडफाड तेलुगूत बोलायला लागली. कुठं दुखतंय, कधीपासून, जेवण झालं का, सगळं. नर्स पार्वतम्माला म्हणाली, "मॅडम साखर पेठेत वाढलेल्या. सगळी तेलुगू विणकरांची पोरं सोबतीला."

पार्वतम्मा बाकावरून उठली ती ताठ होऊन. तिच्या डोळ्यांत एकदम चमक आली.

दुपारी मामा सैल पडला, बोलायला लागला. पार्वतम्माला आणि सोमेशला आत बोलावलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "मावशी, गोळी का थांबवली?" पार्वतम्मा गप्प. "काही त्रास होत होता का?" पार्वतम्मा गप्प. मामानं घाईघाईनं मान हलवली. "कायबी त्रास न्हाई मॅडम. एकदम झकास हाय. पायाला जरा नक्षी आलीय तेवढीच. गोळी तेवढी चालू ठेवा."

तेव्हा पार्वतम्मा नवऱ्याकडं वळली, कमरेवर हात ठेवला आणि घरात भांडते तशा खणखणीत तेलुगूत म्हणाली, "मरी निन्न मोन्न पिल्लिकि पालु पोशारु कदा?" म्हणजे, काल-परवा मांजराला दूध ओतत होता ना? आणि एकदा तोंड उघडलं ते थांबेचना. नसलेलं मांजर, कानावरचा ठिपका, न झोपलेल्या रात्री, लाल डोळे, भिंत धरून उठणं, ते हसणं. "तुम्ही हसत होता तेव्हा मला वाटायचं, गोळीच हसतीय. माझा नवरा कुठाय?" हे म्हणताना तिचा आवाज फुटला.

मामा तिला डोळ्यांनी दटावत होता आणि डॉक्टरीणबाईकडं बघून मराठीत सारवासारव करत होता, "कायतरी घरचं बोलतीय, तांदळाचं."

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. गोड आवाजात विचारलं, "ए पिल्लि, मामा?" कुठलं मांजर, मामा?

मामाचं तोंड उघडंच राहिलं. त्यानं बायकोकडं बघितलं. बायको छताकडं बघत होती. ती डॉक्टरला एक शब्दही बोलली नव्हती. आण शाबूत होती! मामाला आधी राग आला, मग आण न मोडता बायकोनं काढलेली वाट त्याच्या ध्यानात आली, आणि मग तो जो हसला ते त्याचं जुनं हसणं होतं, पोटातून येणारं, डोळ्यांत पाणी आणणारं. हसता हसता म्हणाला, "मॅडम, आता सगळंच सांगतो. रात्रीबी एक गोळी जास्त घेत होतो. हात आणखी चांगला व्हईल म्हणून."

सोमेशनं कपाळावर हात मारला. डॉक्टरीण मात्र रागावली नाही. म्हणाली, "हे मला आधी कळलं असतं तर आज ही खाट लागली नसती. मामा, नक्षीचं मला फारसं भय नाही. या गोळीनं काहींना तशी जाळी येते. पाय सुजले, दुखले, तर सांगा. भय मांजराचं आहे. आणि तुमच्या रक्तात दिसतंय की मूत्रपिंडं जरा मंदावलीत. ही गोळी त्यांच्यावाटे बाहेर जाते. ती साठत गेली, वर तुम्ही रात्री भर घातली."

"म्हणजे बंद?" मामाचा आवाज अगदी लहान झाला.

"कोण म्हणालं बंद? कमी करू. सकाळी एकच. तुम्ही असंच लपवत राहिला असतात आणि मांजराच्या जागी उद्या वाघ आला असता, तर मात्र मला सगळीच काढावी लागली असती." मग तिनं बाकीचंही ऐकवलं. चुकली गोळी तर दुसरी जोडून घ्यायची नाही. सर्दी-खोकल्याचं, झोपेचं काहीही तिला विचारल्याशिवाय दुकानातून आणायचं नाही. खाटेवरून उठताना आधी जरा बसायचं. या उन्हात पाणी प्यायचं. "आणि शिंदी पिणं?" तिनं तेलुगूतच विचारलं. मामानं पुन्हा बायकोकडं बघितलं आणि मुकाट्यानं मान डोलावली. बंद.

रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "फसवलंस पारू."

"मी? मी तर तुमच्याशीच बोलले की," ती म्हणाली, आणि रस्ताभर दोघं हसत आली.

एका गोळीवर हात पूर्वीसारखा धावत नव्हता. सकाळी दोन-तीन तास ब्रश ताब्यात राहायचा, मग बोटं आळसावायची आणि थरथर परत डोकावायची. मामा चिडायचा, नक्षी अर्धी राहिली म्हणून हळहळायचा. पण मांजराचं नाव नाही. विचारलं तर सरळ सांगायचा, "न्हाई आलं. आलं तर पहिल्यांदा तुलाच सांगीन, आन् मराठीत."

त्या आठवड्यात एका दुपारी पार्वतम्मा भाकरी थापत होती. बाहेर गल्लीत माग खडखडत होते. त्या खडखडाटात तिला दुसराच एक आवाज ऐकू आला. तिनं हात थांबवले. उठून आतल्या खोलीत डोकावली आणि पदर तोंडात कोंबला. मामा कागदाशेजारीच आडवा झाला होता आणि घोरत होता. मोठ्यानं, बेफिकीर, खिडकीची जाळी थरथरेल असा. "गुरम्मा!" ती दारातून दबक्या पण आनंदानं फुटलेल्या आवाजात ओरडली. "गुरम्मा, ये लवकर! घोरतायत! अगं, ऐक तरी, घोरतायत!"

गुरम्मा आली, आणि तिच्या पाठोपाठ नमुना बघायला म्हणून एकनाथशेठही दारात उभे राहिले. "मामा आहेत का? कारागीर खोळंबलाय, कागद झाला असला तर..."

पार्वतम्मानं दोन्ही हात दाराच्या चौकटीला लावले. "झोपलेत," ती म्हणाली, जणू फार मोठी बातमी सांगावी तसं. "चादर व्हईल. उद्या न्हाईतर परवा व्हईल. आता न्हाई उठवायचं."

शेठ तिच्या खांद्यावरून आत बघत होते. कागद अर्धा रंगला होता, ब्रश निसटून जमिनीवर पडला होता. आणि मामाचा उजवा हात, ज्याच्यासाठी हे सगळं केलं, तो घोरण्याबरोबर वरखाली होणाऱ्या छातीवर निवांत पडला होता. त्यातलं एकही बोट थरथरत नव्हतं.