दोनतुकडे आप्पा

माझ्या सासऱ्यांना लांब वस्तू अखंड बघवत नसे. शिडी, काठी, पडद्याची दांडी, जळमटं काढायचा कुंचा, जे काही हातभरापेक्षा लांब असेल ते त्यांनी मधोमध कापले आणि नळी घालून पुन्हा जोडले. शिवाजी पेठेतल्या त्यांच्या घराचा जिना इतका अरुंद होता, की त्यांच्या लग्नात आलेली खाट कित्येक महिने खाली बोळातच पडून होती. शेवटी आप्पांनी ती कापूनच वर नेली आणि तेव्हापासून त्यांना करवतीची जी चटक लागली ती सुटली नाही. पाणीपट्टी भरून घ्यायच्या टेबलावर दिवसभर मान मोडून बसणारा हा माणूस घरी आला की पिशवी खाली ठेवायच्या आधी घरभर नजर फिरवायचा. सासूबाई म्हणायच्या, "मी बुटकी हाय म्हणून वाचलो बघा. न्हाईतर माझा बी सांधा केला असता ह्यांनी."

पेठेत त्यांना सगळे दोनतुकडे आप्पाच म्हणत आणि ते नाव त्यांना पदवीसारखे वाटे. चैत्रात जोतिबाला सासनकाठ्या निघतात. आकाशाला टेकतील एवढे उंच बांबू. बोळात वळता वळत नाहीत, वरच्या तारांना अडतात. हे पाहून आप्पा एकदा गल्लीची काठी नेणाऱ्या तालमीत गेले आणि म्हणाले, आपली काठी दोन तुकड्यांत करू, डोंगरावर पोचलो की जोडू. तालमीतल्या मंडळींनी त्यांच्या दोन्ही दंडांना धरून त्यांना अलगद रस्त्यावर आणून सोडले. पुढे बरेच दिवस गल्लीत त्यांच्याशी कोणी धड बोलत नव्हते. आप्पांचे म्हणणे एवढेच, "देवाची झाली म्हणून काय झालं, ती बी बोळातनंच जातीया की."

त्यांची एकुलती एक मुलगी विजया, म्हणजे आता माझी बायको, कॉलेजात धनुर्विद्या शिकली. बांबूचे देशी धनुष्य, जवळजवळ तिच्याच उंचीचे. एकदा ते घेऊन ती स्पर्धेला निघाली, तर कंडक्टरने तिला एस.टी.च्या दारातच अडवले. कुणाच्या डोळ्यात गेले म्हणजे, असे त्याचे म्हणणे. गाडी गेली, स्पर्धाही गेली. विजू रडत घरी आली. आप्पांनी तिची समजूत वगैरे काही काढली नाही. त्यांनी फक्त विचारले, "लांबी किती हाय त्याची?"

पण खरी अडचण एस.टी.ची नव्हती. विजूला बघायला आलेली तीन स्थळे, ती बाण मारते हे कळल्यावर परत गेली होती. एकाने तर मध्यस्थाकडून निरोप पाठवला, की उद्या नवरा-बायकोत वाजलं तर आमच्या पोरानं पळायचं कुठं? सासूबाईंनी मग घरात धनुष्याचे नावही काढायला बंदी केली. आप्पांना मुलीचे लग्न व्हायला हवे होते, आणि लग्न झाले म्हणून तिचा नेमही सुटायला नको होता. त्यावर त्यांना सुचलेला उपाय अर्थातच नेहमीचा होता. ते विजूच्या कानात म्हणाले, "अखंड धनुष्य सासरच्या दारातनं आत जात न्हाई, पोरी. दोन तुकडं केलं तर लुगड्यांच्या घडीखालनं जातंय."

आप्पांना सांधा करता येत होता, धनुष्य मात्र येत नव्हते. पहिले धनुष्य कडाडकन मोडले. दुसरे इतके ताठ झाले, की ते वाकवताना आप्पाच वाकले आणि आठ दिवस कंबर शेकत बसले. तिसऱ्याच्या वेळी ते खिडकीच्या गजाला धनुष्य अडकवायचे, दोरीला बादली टांगायचे आणि तांब्या-तांब्याने पाणी ओतत दोन्ही बाजू सारख्या वाकतात का ते बघायचे. वरची बाजू आळशी आणि खालची उतावळी, असे त्यांचे निदान होते. मग आळशी बाजू काचेच्या तुकड्याने तासायची, की पुन्हा बादली. दोरीसाठी चपला शिवणाऱ्याकडून मेण लावलेला दोरा आणला. मधल्या सांध्याला मनाजोगती नळी कुठे मिळेना, तेव्हा स्वतःच्या सायकलची सीटखालची नळी आणि तिच्यात बसणारी दांडी कापून काढली आणि दुसऱ्या दिवसापासून ऑफिसला चालत जाऊ लागले. कुणी विचारलेच तर सांगायचे, "डॉक्टरनं चालायला सांगितलंय."

ते धनुष्य तयार झाले आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही विजूला बघायला गेलो. पेठ वडगावात आमचे शेतीच्या औषधांचे दुकान आहे. मी, माझे वडील आणि आत्या, असे तिघे होतो. आत्या हो म्हणाली तर हो, असा आमच्या घरचा कायदा. वडिलांना आप्पा गच्चीवर नेऊन टाकीच्या पाइपचा सांधा दाखवत होते, आत्या स्वयंपाकघरात शिरली होती, आणि बाहेरच्या खोलीत मी एकटा होतो. कपाटावर दोन वाकड्या काठ्या दिसल्या. एकीला दोरी गुंडाळलेली आणि टोकाला नळी, दुसरीच्या टोकाला तिच्यात बसेल अशी दांडी. आमच्या दुकानातल्या फवारणीच्या पंपाची दांडी अशीच असते. मला राहवले नाही. मी एकीत दुसरी घातली, जरा पिळली, आणि खट् आवाज झाला.

स्वयंवरात धनुष्य मोडणाऱ्याचे नाव होते. मी जोडणारा निघालो. बरे, ते परत सुटेना. मी ते गुडघ्यात धरून ओढतोय, एवढ्यात जिन्यावरून आप्पा आणि वडील खाली आले, आतून आत्या आली, आणि तिच्या मागे चहाचा ट्रे घेऊन विजू. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. चौथे स्थळ त्यांना डोळ्यांदेखत जिना उतरताना दिसत असावे.

"काय हो पावणं हे?" आत्याने विचारले.

"मच्छरदाणीची दांडी हाय," आप्पा म्हणाले.

"वाकडी कशी?"

"मच्छरदाणी गोल हाय."

"आन् ही दोरी?"

"बांधाय नको व्हय?"

मी जोरजोरात मान हलवली. का ते माहीत नाही, पण तेवढ्यात मला तो माणूस आवडून गेला होता. घोटाळा विजूने केला. तिने ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, "आप्पा, धनुष्य हाय म्हणून सांगा की सरळ. मी बाण मारतो, आत्या. लगीन झालं तरी मारणार." आमच्याकडच्या मुली स्वतःविषयी बोलताना ‘मारतो’च म्हणतात, पण इतक्या ठणकावून मी कुणाकडून ऐकले नव्हते.

आत्याने माझ्या हातातले धनुष्य घेऊन उलटेसुलटे बघितले. मग म्हणाली, "नेम लागतो काय?"

"लागतो."

"चल, दाव."

सगळे गच्चीवर गेलो. टाकीमागे भुसा भरलेले पोते होते. विजूने दोरी चढवली. त्या धनुष्यातून अजून एकही बाण सुटलेला नव्हता, हे फक्त आप्पांना आणि तिला माहीत होते. सांधा तिथेच निखळला असता तर स्थळही गेले असते आणि धनुष्यही. आप्पांनी हात जोडून डोळे मिटून घेतले. पहिला बाण पोते सोडून शेजारणीच्या वाळत घातलेल्या गोधडीत घुसला. सांधा मात्र जागचा हलला नव्हता. विजूने ओठ आवळले, हात जरा खाली घेतला, आणि दुसरा बाण पोत्याच्या मधोमध बसला. आत्याने पदर सावरला. "पयला कुठं गेला ते आमी बघितलं न्हाई," ती म्हणाली. लग्न ठरले ते असे.

धनुष्य आमच्या घरी राजरोस आले. दोन-तीन वर्षे घरामागच्या परड्यात बाण सुटत राहिले. मग मुले झाली, वडील अंथरुणाला खिळले, दुकान वाढले, आणि ते तुकडे माळ्यावर गेले. कुणी नको म्हटले नव्हते, त्यामुळे कुणाशी भांडावे हेही विजूला कळेना. आप्पा निवृत्त झाल्यावर एकदा आले, परड्यात पोते दिसेना म्हणून मला बाजूला घेऊन म्हणाले, "जावईबापू, कुणी अडवलं काय तिला?" मी म्हटले, नाही, वेळच मिळत नाही. आप्पा हसले नाहीत. "सासरच्या दारातनं आत आणलं मी ते. घरात वेळ न्हाई मिळणार, ह्ये माझ्या ध्यानातच आलं न्हाई," म्हणाले.

पुढच्या रविवारी पहिल्या एस.टी.ने ते हजर. पोरांना अंघोळ घातली, वडिलांना चहा पाजला आणि आयुष्यात पहिल्यांदा परातीत पीठ घेतले. त्यांची भाकरी तव्यावर टाकताना हमखास मधोमध तुटायची. मुले टाळ्या पिटायची आणि आप्पा गंभीरपणे म्हणायचे, "सवयच हाय हाताला." विजू परड्यात असायची. दर रविवारी हेच, पाऊस असो की यात्रेची गर्दी. विजूचा हात पुन्हा बसला, गावातल्या चार मुली शिकायला येऊ लागल्या. मी त्या वेळात दुकानात हिशेब करत बसायचो, आणि सासरेबुवा किती हौशी आहेत असे गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायचो.

आप्पा गेले ते अचानक, चालता बोलता. दिवसकार्य उरकून आम्ही वडगावला परतलो. रविवारी सकाळी विजू गॅसपाशी नुसती बसून होती. मुले उठली, पहिली गाडी येऊन गेली. मी दुकानाची किल्ली खुंटीला लावली आणि परात ओढून घेतली.

"तू जा," मी म्हटले.

"तुमास्नी जमंल?"

"न्हाई जमणार. जा तू."

ती गेली. थोड्या वेळाने पोत्यात बाण घुसल्याचा आवाज आला. मग दुसरा. तिसऱ्याला फार वेळ लागला. मी पिठाचे हात तसेच धरून उभा राहिलो. मग तोही लागला.