तिसरी हाक

यंदाच्या मे महिन्यात माझ्या नवऱ्याने मला ओ देणं बंद केलं. भांडण झालेलं नव्हतं. समोर असला की तो नीट बोलायचा, जेवताना दुसऱ्यांदा भाजी मागायचा, ऑफिसातल्या गमती सांगायचा. पण मी स्वयंपाकघरातून "अहो" म्हटलं की हॉलमधून काही उत्तर येत नसे. पुन्हा म्हटलं तरी नाही. तिसऱ्यांदा म्हटल्यावर "ओ" यायचं, तेही बेताने, अनोळखी नंबरचा फोन उचलावा तसं.

लग्नाआधी मी मुंबईत एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. तिथे मान्यवरांना बहुवचन आणि आरोपींना एकवचन असा रिवाज होता. घरात मी नवऱ्याला अहो-जाहो करते. या मजकुरात तो एकवचनात आहे.

आम्ही आता आखातात राहतो. इथे सलमाबादला एसीचे डक्ट बनवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनिअर आहे. माहूजमधल्या आमच्या इमारतीत कुठे खडखड किंवा शिट्टी ऐकू आली की शेजारी त्याला बोलावतात. तो जातो, भिंतीला कान लावतो आणि आवाज कुठल्या मजल्यावरून, कुठल्या पाइपातून येतोय ते सांगतो. 'आवाजाला कारण असतं' हे त्याचं आवडतं वाक्य. मूळचा पुण्याचा असल्यामुळे तो ते एकदा सांगून थांबत नाही.

मीही मग कारण शोधलं. मला वाटलं, कान. वर्कशॉपमध्ये दिवसभर पत्रा ठोकला जातो, त्याचा परिणाम होणारच. त्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर हैदराबादचे. त्यांनी नवऱ्याला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि आलेख माझ्यापुढे सरकवला.

"कान तो फर्स्ट क्लास हैं, मॅडम," ते म्हणाले. "शादी को कितने साल हुए?"

परतताना सिग्नलला नवरा म्हणाला, "मी सांगत होतो, ऐकू येतं म्हणून."

"मग ओ का देत नाही?"

"देतो की."

"तिसऱ्या हाकेला."

"पण देतो ना," तो म्हणाला, आणि सिग्नल नसता सुटला तर त्याला पुढेही काहीतरी सांगावं लागलं असतं.

आमच्या वरच्या मजल्यावर त्रिनिदादची एक बाई राहते. एका इंग्रजी शाळेत गणित शिकवते. तिचे पूर्वज कधीकाळी उत्तर हिंदुस्थानातून तिकडच्या उसाच्या मळ्यांत गेले. हिंदी तिला येत नाही, पण तिच्या पोळीत डाळीचं सारण असतं. ते गोड नसतं, याबद्दल नवऱ्याने तिच्याकडे रीतसर तक्रार केलेली आहे. जिन्यातून माझी हाक ऐकून ऐकून ती त्याला 'मिस्टर अहो' म्हणते. आम्ही दुरुस्ती सुचवलेली नाही.

या वर्षी तिची पहिली कादंबरी आली. प्रकाशक छोटा, परदेशातला. एक प्रत तिने स्वतः आमच्या दारात आणून दिली. मी दुसरं काहीतरी वाचत होते, म्हणून आधी नवऱ्याने घेतली.

"कशावर आहे?" मी विचारलं.

"भुतावर. म्हणजे मानसिक. म्हणजे दोन्ही."

"भीती वाटते?"

"छे. रचना चांगली आहे."

आम्ही काही मराठी कुटुंबं महिन्यातून एका शुक्रवारी कुणाच्या तरी घरी जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. पुस्तक बहुधा मराठी असतं. या वेळी शेजारधर्म म्हणून तिची कादंबरी ठरली, घर आमचं ठरलं, आणि लेखिकेलाही बोलावलं. त्याच आठवड्यात ती मला लिफ्टमध्ये भेटली. हातात गुदैबियाच्या बाजारातून आणलेल्या वाणसामानाच्या पिशव्या होत्या. म्हणाली, शाळा तिला सप्टेंबरपासून गणित विभागाची प्रमुख करते आहे. काम वाढेल, लिहायला वेळ उरणार नाही. दुसरी कादंबरी अर्धी झाली आहे. रविवारी शाळेला हो किंवा नाही कळवायचं आहे.

"बहिणीने वाचली. ती म्हणते, मजेदार आहे," ती म्हणाली. "भुताची गोष्ट मजेदार. तेव्हा मी शुक्रवारी तुम्हा सगळ्यांना विचारणार आहे. एवढ्या शहाण्या माणसांपैकी एकालाही भीती वाटली नसेल, तर मी निवांतपणे गणित शिकवीन."

मी म्हटलं, चांगलीच असणार.

"तू शेजारीण आहेस. तू असंच म्हणणार."

हे खरं होतं, शिवाय मी पुस्तक उघडलेलंही नव्हतं. त्या दुपारी उघडलं. एक तरुण मुलगी मावशी वारल्यावर बेटावरचं तिचं लाकडी घर विकायला जाते. तिथे शेजारच्या खोलीतून तिला हाक येते. आवाज नेहमी घरातल्याच कुणाचा तरी असतो, स्वयंपाकिणीचा, भावाचा. ती ओ देते, जाऊन बघते, तर त्या माणसाने हाक मारलेलीच नसते. आणि ओ दिली की दुसऱ्या दिवशी तिच्या आठवणीतली एक गोष्ट गेलेली असते: एखादी चव, आईची बोलण्याची ढब. डॉक्टर म्हणतो, दुःखामुळे होतं असं. हे भूत आहे की तिचं मन, ते शेवटपर्यंत कळत नाही. चौथ्या प्रकरणात म्हातारी शेजारीण तिला सांगते की ते दोनदाच हाक मारतं. तिसरी हाक माणसाची.

मी पुस्तक मिटलं आणि बेडरूममधून म्हटलं, "अहो."

हॉलमध्ये शांतता.

दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय बातमी लावू नये, हे डेस्कवर शिकलेलं. मी बाल्कनीत गेले आणि तिथूनही हाक मारली. पुन्हा शांतता. नवरा सोफ्यावर होता, हातात मोबाइल, मान दाराकडे वळलेली. त्याला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर डक्टवर व्याख्यान झालं असतं.

वर जाऊन लेखिकेला सांगावं असंही मनात आलं. पण ती म्हणाली असती, तू शेजारीण आहेस.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळी जमली. समोसे झाले, कुणाची सुट्टी कधी यावर बोलणं झालं, मग पुस्तकाकडे वळलो. इंग्रजीत आणि अधूनमधून हिंदीत. प्रकाशकाने छपाई बरी केली आहे, बेटाची माहिती मिळते, असं सगळं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "मला एकच विचारायचं आहे. कुणाला भीती वाटली का?"

बँकेत असलेले सावंतवाडीचे गृहस्थ आधी मराठीत हसले. "ह्येका आमच्याकडे कोण भूत म्हणूचा नाय," ते म्हणाले. मग तिच्यासाठी इंग्रजीत: त्यांच्या गावात याहून बरीच मोठी भुतं आहेत, आणि तीही आता लोकांना सवयीची झाली आहेत.

पुण्याच्या सीए बाईंनी मान हलवली. "मला मध्यावरच अंदाज आला होता. त्यामुळे भीती अशी नाही. वाचनीय मात्र नक्की."

सगळ्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्याने बोटं जुळवली. "तर्काच्या दृष्टीने पक्की आहे," तो म्हणाला. "भीती नाही म्हणणार मी. रचना उत्तम."

आपल्या लोकांत कौतुक असंच होतं. भ्यायलो नाही हे आधी सांगायचं, मग वाचनीय म्हणायचं. भुताची गोष्ट लिहिणाऱ्या बाईला हे कोण समजावणार? ती हसली, वर्गात चुकीचं उत्तर आलं की शिक्षक हसतात तसं. "थँक यू," ती म्हणाली. "तुम्ही सगळे फार प्रामाणिक आहात. माझं उत्तर मला मिळालं." तिने पर्स मांडीवर घेतली.

मी चहा टाकायला उठले. ओट्याजवळून हॉलमधला थोडाच भाग दिसतो, पण तिची खुर्ची दिसते. ऐकू मात्र सगळं येतं.

"अहो," मी हाक मारली.

उत्तर आलं नाही.

"वहिनी बोलावतायत," बँकवाले म्हणाले.

"हो, ऐकलं," नवरा म्हणाला. उठल्याचा आवाज आला नाही.

"अहो."

"अरे, जा की," पुन्हा बँकवाले.

"थांबा जरा."

पर्सच्या चेनवरचा तिचा हात थांबला. मराठी तिला येत नाही. पण ही शांतता किती लांबीची असते ते तिला ठाऊक होतं, कारण ती तिनेच लिहिली होती. ती नवऱ्याकडे बघत राहिली.

"अहो," मी तिसऱ्यांदा म्हटलं.

"ओ," नवरा म्हणाला आणि उठला.

"मिस्टर अहो," ती हळूच म्हणाली, "कुठल्या प्रकरणापासून?"

त्याने आधी छताजवळच्या एसीच्या जाळीकडे पाहिलं असावं, कारण तिनेही तिकडे पाहिलं. तिथून काही मदत आली नाही.

"चौथ्या," तो म्हणाला.

मग सीए बाई म्हणाल्या, "मी आठवडाभर अंघोळीला जाताना दार लोटूनच घेते. कडी नाही लावत."

"माझी बायको गावाक गेलीहा," सावंतवाडीचे गृहस्थ खाली बघत म्हणाले. "मी टीव्ही चालू ठेवन झोपतंय." हे त्यांनी इंग्रजीत सांगितलं नाही. सीए बाईंनी सांगितलं, आणि आवाज किती ठेवता तेही विचारलं.

लेखिकेने पर्समधून रुमाल काढला, डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "दार किती उघडं?" तिने सीए बाईंना विचारलं. "वीतभर की अर्धं?"

तोवर नवरा स्वयंपाकघरात आला होता. "कशाला बोलावलं?"

"साखर किती घालू?"

तो लग्नापासून बिनसाखरेचा चहा घेतो. त्याने माझ्याकडे पाहिलं, कपांचा ट्रे उचलला आणि बाहेर गेला.

रविवारी तिने शाळेला 'नाही' असं कळवलं. दुसऱ्या कादंबरीत आवाज एसीच्या डक्टमधून येणार आहे, आणि तो नेमका कसा फिरेल हे समजावून सांगाल का, असं तिने नवऱ्याला विचारलं आहे. तो अजून विचार करतोय.