बुजगावण्याला न्यायला आलेली गाडी

मंडळी, आज डोकं लय फिरलंय, म्हणून लिहायलोय.

आमच्या फाट्यावर सिमेंटचा रोड झाल्यापासून पोरं रोज संध्याकाळी मोटारसायकलींची शर्यत लावायलेत. परवा शेजारच्या सुमनकाकूंना धडक बसली, हात मोडला. ठाण्यात फोन करून थकलो. उत्तर एकच: "माणसं कमी हायत, गाडीत डिझेल न्हाई."

शेवटी आज ज्वारीच्या वावरातलं बुजगावणं उपटलं, त्याला खाकी सदरा घातला आणि वळणावर उभं केलं. खोटं वाटेल, पण लांबून खाकी दिसताच पोरांनी गाड्या हळू केल्या!

तासाभरात पोलिसांची गाडी आली. मला वाटलं, आता पोरांना धरतील. फौजदार साहेब उतरले अन् माझ्यावरच डाफरले, "वर्दीची चेष्टा करायलाव का?"

"साहेब, आज डिझेल मिळालं का?" काकूंनी ओट्यावरूनच विचारलं.

साहेबांनी बुजगावणं उपटलं. गाडीत टाकून घेऊन गेले. गाडी वळणापलीकडं गेली आणि शर्यत परत सुरू.

आता तुमीच सांगा. आमच्या फाट्यावर ड्युटी करणारा एकच होता, त्यालाच उचलून नेलं. तक्रार कुणाकडं करू?